नातवंडांच्या आजोळची वंशावळ: अमेरिकेतल्या पिढ्या मागे मागे कशा शोधायच्या

आपल्याकडे कुलवृत्तांतात सुनेच्या नावापुढे माहेरचं आडनाव आणि गाव येतं. सून अमेरिकन असेल तर बहुतेक वेळा तिचं नाव छापून पुढची जागा कोरी सोडली जाते. ती कोरी ठेवायची गरज नाही. अमेरिकेत त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या नसल्या तरी जनगणनेचे नावनिशीवार तक्ते आहेत, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) कोर्टातले दस्त आहेत, जहाजांच्या याद्या आणि मृत्यूचे दाखले आहेत. त्यातला मोठा भाग घरबसल्या, फुकट पाहता येतो. शेतकऱ्याच्या किंवा गिरणी कामगाराच्या साध्या घराच्याही १८५० पर्यंतच्या पाच-सहा पिढ्या बहुतेकदा हाती लागतात.

दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. शोध आजच्या पिढीपासून सुरू करायचा आणि एकेक पिढी मागे जायचं. एखाद्या प्रसिद्ध पूर्वजाला धरून खाली उतरत यायचं नाही. त्या वाटेने गेलं की कुठेतरी नावसाधर्म्यावर उडी मारली जातेच. दुसरं, कोणताही कागद हाती आला की त्यावर काय लिहिलंय याच्याआधी विचारा: हे कोणी सांगितलं, आणि त्याला ते कसं माहीत होतं? या कामातल्या निम्म्याहून अधिक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

घरातून सुरुवात

व्याह्यांकडे आणि विहिणीकडे जे आहे ते आधी पहा. बायबलच्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, वर्तमानपत्रातली निधनवार्तेची कात्रणं, लष्करातून मुक्त केल्याचा कागद, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, फोटोंच्या मागचा मजकूर. बायबल मिळालं तर त्याच्या छपाईचं वर्षही पहा. ग्रंथ १८७२ चा आणि पहिली नोंद १८३५ ची असेल, तर ती नोंद नंतर कोणीतरी आठवून किंवा दुसरीकडून उतरवून घेतली आहे. शाई आणि अक्षर सगळ्या नोंदींत एकसारखं असलं तरी तेच समजायचं.

मराठी माणसाची हमखास फसगत होते ती मधल्या नावाशी. अमेरिकन माणसाचं मधलं नाव वडिलांचं असेलच असं नाही. ते पुष्कळदा आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव असतं, आणि म्हणूनच ते टिपून ठेवण्यासारखं असतं. तसंच, जुन्या कागदांत नावापुढे ज्युनियर आणि सीनियर लिहिलं म्हणून ते बापलेक ठरत नाहीत. एकाच गावात एका नावाचे काका-पुतणे किंवा परस्परांशी संबंध नसलेली दोन माणसं असली, तरी वयाने धाकट्याला ज्युनियर म्हणत.

जनगणना हा कणा

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि नावांसकटचे तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले, १९६० चे २०३२ मध्ये होतील. म्हणून शोधाची पहिली पायरी १९५०. तिथे आजी-आजोबा लहान मुलं म्हणून आईवडिलांच्या घरात सापडले की तिथून १९४०, १९३०, १९२० असं उतरत जायचं. हे तक्ते फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर दिसतात, तिथे खातं फुकट उघडता येतं. अँसेस्ट्री या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाला वर्गणी लागते, पण अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन बसलं तर तीही फुकट वापरता येते. सुनेच्या गावच्या ग्रंथालयात एकदा चौकशी करा.

नावाने शोधल्यावर येते ती सूची. सूची कोणीतरी, हल्ली अनेकदा संगणकाने, जुनं अक्षर वाचून केलेली असते. ती दिशेपुरती वापरा आणि मूळ पानाची प्रतिमा उघडा. माणूस सूचीत सापडत नसेल तर आडनाव काढून टाका आणि नुसतं पाळण्यातलं नाव, अंदाजे जन्मवर्ष, जन्मराज्य आणि भावंडांची नावं घालून शोधा. श्मिट कधी स्मिथ होतो, म्युलर कधी मिलर. तरीही नाही सापडला तर शहराच्या जुन्या डिरेक्टरीतून घराचा पत्ता काढा, त्या पत्त्याचा गणना-विभाग (एका गणकाला नेमून दिलेला भाग) क्रमांक शोधा आणि त्या विभागाची पानं एकेक करून चाळा.

प्रत्येक सालचा तक्ता वेगळं काहीतरी देतो. १९४० मध्ये गणकाला उत्तरं देणाऱ्या व्यक्तीच्या नावापुढे वर्तुळातली फुली आहे. ही फुली आधी शोधा. ती बायकोच्या नावापुढे असेल तर मुलांची वयं पक्की धरायला हरकत नाही, पण नवऱ्याच्या वयाबाबत थोडी सवड ठेवा. १९०० च्या तक्त्यात जन्माचा महिना आणि वर्ष आहे, लग्नाला किती वर्षं झाली ते आहे, आणि बाईला एकूण किती मुलं झाली व त्यातली किती हयात आहेत हेही आहे. तिथे ८ आणि ५ लिहिलं असेल तर तीन मुलं तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही तक्त्यात कदाचित दिसणार नाहीत, त्यांना चर्चच्या आणि दफनभूमीच्या नोंदींत शोधावं लागेल. लग्नाच्या वर्षांपेक्षा थोरल्या मुलाचं वय जास्त असेल तर आधीची बायको किंवा आधीचा नवरा असण्याची शक्यता धरा.

वयावरून जन्मवर्ष काढताना गणनेचा दिवस विसरू नका. ऑक्टोबर १८८९ मध्ये जन्मलेला माणूस १९०० च्या तक्त्यात (१ जून) १० वर्षांचा, १९१० मध्ये (१५ एप्रिल) २० चा, १९२० मध्ये (१ जानेवारी) ३० चा आणि १९३० मध्ये (१ एप्रिल) ४० चा दिसेल. नुसती वजाबाकी केली तर चारही वेळा १८९० येतं आणि चार पुरावे जुळल्यासारखे वाटतात. चारही चूक असतात.

१८९० चा खड्डा मोठा आहे. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, त्यात हे तक्ते जळाले, भिजले आणि उरलेले पुढे नष्ट केले गेले. वाचली ती जेमतेम सहा हजारांच्या आसपास नावं. त्यामुळे १८८१ मध्ये जन्मून १९०० च्या आत लग्न होऊन गेलेली मुलगी आईवडिलांच्या घरात कुठल्याच राष्ट्रीय जनगणनेत दिसत नाही. इथे राज्यांनी स्वतः केलेल्या गणना उपयोगी पडतात: न्यूयॉर्कची १८९२ ची, न्यू जर्सी, कॅन्सस, आयोवा आणि मिनेसोटाच्या १८८५ व १८९५ च्या.

१८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं. १८५०, १८६० आणि १८७० मध्ये नावं आहेत, नाती नाहीत. ४५ वर्षांचा पुरुष, ३० वर्षांची बाई आणि १७ वर्षांचा मुलगा एका घरात दिसले म्हणजे बाई त्या मुलाची आईच असेल असं नाही. ती दुसरेपणाची बायको असेल, बहीणही असेल. इथे लग्नाची नोंद किंवा मृत्युपत्र मिळाल्याशिवाय रेघ ओढू नका.

दाखले, कोर्ट आणि दफनभूमी

जन्ममृत्यूची नोंद हा अमेरिकेत राज्यांचा विषय. मॅसॅच्युसेट्समध्ये ती राज्यभर १८४१ पासून आहे, दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या अनेक राज्यांत विसावं शतक उजाडावं लागलं. मिसुरीने १९१० पासूनचे मृत्यूचे दाखले, पन्नास वर्षं उलटलेले, फुकट खुले केले आहेत. न्यूयॉर्क शहराच्या जुन्या दाखल्यांच्या प्रतिमाही मिळतात. सुनेचं कुटुंब ज्या राज्यातलं, तिथल्या अभिलेखागाराचं संकेतस्थळ सगळ्यात आधी पहा.

मृत्यूचा दाखला दोन माणसांनी भरलेला असतो. मृत्यूची तारीख आणि कारण डॉक्टर लिहितो, ते त्याच्या डोळ्यांसमोरचं असतं. जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि आईचं माहेरचं आडनाव घरचं कोणीतरी सांगतं, आणि त्याची सही किंवा नाव त्याच कागदावर असतं. सांगणारा जावई असेल तर सासऱ्याच्या आईचं माहेर त्याला ऐकूनच माहीत, म्हणून तेवढा रकाना कच्चा धरा. त्याच माहितीसाठी १९३६ नंतर सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा) मूळ अर्ज जास्त चांगला, कारण तो बहुधा माणसाने स्वतः भरलेला असतो आणि त्यात आईवडिलांची नावं असतात. त्याची प्रत मागवता येते. मात्र अर्जदार फार जुना नसेल आणि आईवडील वारल्याचा पुरावा जोडला नसेल तर नावं झाकून पाठवतात.

काउंटी कोर्टातल्या मृत्युपत्रांच्या आणि वाटणीच्या फायली हे खरं भांडार आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर वारसांची यादी होते, त्यात लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या आडनावासकट येतात. जमिनीच्या खरेदीखतात बायकोने आपला हक्क सोडल्याची नोंद असते, तिच्यावरून तिचं नाव तरी कळतं. पण कोणत्या काउंटीचं कोर्ट, हे काळजीने ठरवा. काउंट्या फुटत गेल्या आणि जुने दस्त मूळ काउंटीतच राहिले. व्हीलिंग गाव १८६३ पर्यंत व्हर्जिनियात होतं, मग वेस्ट व्हर्जिनियात आलं. घर न बदलता माणसाचं जन्मराज्य तक्त्यात बदललेलं दिसतं ते यामुळे. न्यूबेरी ग्रंथालयाने काउंटीच्या सीमांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह ऑनलाइन ठेवला आहे, तो उघडा ठेवून काम करा.

१७५२ च्या आधीच्या नोंदींत वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी ते मार्चमधल्या तारखेला १७३१/३२ असं दुहेरी वर्ष दिसलं तर दोन्ही आकडे उतरवून घ्या.

थडग्याच्या दगडाचा फोटो मिळाला म्हणून थांबू नका. दगड कधीकधी चाळीस वर्षांनी नातवंडांनी बसवलेला असतो. दफनभूमीच्या कार्यालयात प्रत्येक जागेचं कार्ड असतं, त्यावर जागेचा मालक आणि तिथे पुरलेली, दगड नसलेलीही माणसं असतात. अर्थात शेजारी पुरलं म्हणजे रक्ताचं नातं ठरत नाही. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, ज्यांच्याकडे त्या राहिल्या त्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. फक्त दगडांवरून वंशावळ मांडणारा माणूस तिथे खात्रीने चुकेल.

समुद्रापलीकडे जाताना

जनगणनेत नुसतं ‘जर्मनी’ किंवा ‘आयर्लंड’ लिहिलेलं असतं. तेवढ्यावर तिकडचे दप्तर शोधायला जाऊ नका, गावाचं नाव हाती येईपर्यंत अमेरिकेतच खणा. ते बहुधा चर्चच्या विवाहनोंदीत, निधनवार्तेत किंवा नागरिकत्वाच्या कागदांत असतं. २७ सप्टेंबर १९०६ च्या आधी कुठलंही कोर्ट नागरिकत्व देत असे आणि अर्जात माहिती अगदी थोडी असे. त्यानंतरच्या अर्जांत जन्मगाव, जहाज आणि उतरल्याची तारीख असते. १९०० ते १९४० च्या तक्त्यांत ‘एनए’ म्हणजे नागरिक झालेला, ‘पीए’ म्हणजे पहिला अर्ज केलेला आणि ‘एएल’ म्हणजे परकीय. यावरून कोणता कागद शोधायचा ते कळतं. १९०७ पासूनच्या जहाजयाद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव आणि पत्ता आहे. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर, जिथे स्थलांतरितांची तपासणी होई, तिथल्या कारकुनाने आडनाव बदललं, ही कथा जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात. कारकुनापुढे यादी असे ती जहाज सुटलं त्या बंदरात तयार झालेली. आडनाव बदललं असेल तर ते कुटुंबाने नंतर, अमेरिकेत राहताना बदललेलं असतं.

आफ्रिकन अमेरिकन कुटुंब असेल तर

इथे वाट वेगळी आणि जास्त कष्टाची आहे, आणि ती पुरेशी समजून न घेता ‘नोंदी नाहीत’ म्हणून सोडून देणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. गुलामीतल्या बहुतेकांची नावं पहिल्यांदा १८७० च्या जनगणनेत येतात. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांचे वेगळे तक्ते होते, त्यात मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. म्हणून १८७० मध्ये कुटुंब सापडलं की मागचीपुढची पाच-दहा पानं वाचून शेजारी कोण ते टिपा. मग गुलामीतून सुटलेल्यांच्या मदतीसाठी सरकारने काढलेल्या फ्रीडमन्स ब्यूरो या खात्याचे मजुरी करार आणि लग्ननोंदी पहा, आणि १८६५ ते १८७४ चाललेल्या फ्रीडमन्स बँकेचे खातेदारांचे अर्ज पहा. या अर्जांत आईवडील, भावंडं, कधी पूर्वीच्या मालकाचंही नाव असतं. मालक कोण ते कळलं की त्याच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत माणसं पहिल्या नावाने, किमतीसह सापडतात. कुटुंबाचं आडनाव शेवटच्या मालकाचंच असेल असं मात्र धरू नका.

अडलं की आणि लिहिताना

एका माणसापाशी वाट बंद झाली तर त्याच्या भावंडांचा, लग्नातल्या साक्षीदारांचा, शेजाऱ्यांचा माग काढा. माणसं एकेकटी स्थलांतर करत नसत, गावंच्या गावं एका काउंटीतून दुसरीकडे जात. डीएनए चाचणीही मदत करते: सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी ८५० सेंटीमॉर्गनच्या (सामाईक डीएनए मोजायचं एकक) आसपास डीएनए जुळतो, त्यांच्या मुलांमुलांत २३० च्या आसपास. पण नमुना देणाऱ्याला आधी स्पष्ट सांगा की अनपेक्षित पितृत्व उघड होऊ शकतं, आणि तो नको म्हणाला तर विषय तिथेच संपवा.

इंटरनेटवर दुसऱ्यांनी मांडलेल्या वंशावळी भरपूर मिळतील. त्या उतरवून घेऊ नका, त्यांतले कागद फक्त शोधा. प्रत्येक नात्याला एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे मिळाले तर पक्की रेघ, नाहीतर तुटक. प्रत्येक नोंदीखाली साल, राज्य, काउंटी, पान क्रमांक आणि माहिती देणाऱ्याचं नाव लिहा, प्रतिमा स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा. कुलवृत्तांतासाठी मजकूर पाठवताना हयात माणसांच्या जन्मतारखा गाळा आणि सुनेला तो आधी वाचून दाखवा. आडनावांचे उच्चार देवनागरीत कसे लिहायचे हे तिच्याकडूनच पक्कं होईल.