टॅरंटुलासाठी किडे कुठले घ्यायचे आणि घरी कसे वाढवायचे

आधी तुमच्याकडे टॅरंटुला (हौसेने पाळतात ते मोठे केसाळ कोळी) किती आहेत ते मोजा, कारण सगळं त्यावरच ठरतं. मोठा झालेला टॅरंटुला आठवड्या-दोन आठवड्यांत एखादा किडा खातो, बास, मधेच महिनाभर उपाशीपण बसतो, आणि आपण इकडे हौसेने रातकिड्यांचा कारखाना टाकून बसतो ज्याची साफसफाई कधी संपत नाही. एक-दोनच असतील तर ब्रीडिंगच्या फंदात पडूच नका, मीलवर्मचा (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) एक डबा ठेवा. दहा-बारा झाले, त्यात वाढती पिल्लं असली, की मग दुबिया झुरळांची कॉलनी.

रातकिड्यांचा एक फायदा मात्र मान्य करायलाच हवा, ते सारखे हलत राहतात त्यामुळे नखरे करणारा टॅरंटुलापण झडप घालतो. बाकी सगळी डोकेदुखीच. वास येतो, नर रात्रभर किर्र करतात, पाण्याच्या वाटीत बुडून मरतात (म्हणून पाण्याऐवजी ओला स्पंज किंवा गाजर ठेवायचं), गर्दी झाली की एकमेकांना खातात. प्लास्टिकची जाळी कुरतडतात, सो झाकणाला धातूची जाळी लावा. वाढवायचेच असतील तर ओल्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाटी ठेवा, मादी त्यात अंडी घालते, 30 अंशाच्या आसपास ठेवली तर साधारण दोन आठवड्यांत पिल्लं निघतात.

मीलवर्म एकदम आळशी माणसासाठी. पसरट डबा, चार-पाच सेंटीमीटर कोंडा किंवा ओट्स, वर गाजराचा तुकडा, झालं. ओल वाढू द्यायची नाही, नाहीतर बुरशी आणि बारीक माइट्स. फ्रिजमध्ये ठेवले की वाढ मंदावते आणि बरेच दिवस टिकतात. कोष झाले की वेगळे काढा, नाहीतर बाकीचे त्यांनाच खातात. सुपरवर्मचं (मीलवर्मसारख्याच पण मोठ्या अळ्या) उलटं आहे, ते फ्रिजमध्ये मरतात आणि गर्दीत असेपर्यंत कोषात जात नाहीत, प्रत्येकाला वेगळ्या डबीत एकटं ठेवावं लागतं तेव्हा कुठे कोष होतो.

आता दुबिया. माझ्या मते यांच्याइतका बिनकटकटीचा किडा नाही. गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, आवाज नाही, वास फार कमी. अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावा म्हणजे घाण खाली पडते, एका बाजूला हीट पॅड, तापमान 28 ते 32 अंश. थंडीत जगतात पण पिल्लं देत नाहीत. नर ओळखायला सोपा, त्याला लांब पंख असतात, मादीला नुसते थोटके. एका नराला तीन-चार माद्या पुरे, जास्तीचे नर आधी खायला घाला. मादी अंडी बाहेर टाकत नाही, थेट जिवंत पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस. पण त्यांना मोठं व्हायला चार-सहा महिने लागतात आणि लोकांची गडबड इथेच होते, पहिल्याच महिन्यापासून माद्या उचलून खायला घालतात आणि मग कॉलनी वाढत नाही म्हणून ओरडतात. सुरुवातीला कॉलनीला हात लावू नका, तोवर बाहेरून आणून चालवा.

एक खोड आहे, दुबिया आणि मीलवर्म दोघंही मातीत घुसून गायब होतात, म्हणून टाकायच्या आधी चिमट्याने डोकं दाबायचं, मग जागेवरच वळवळतात आणि टॅरंटुलाला कळतं. ज्या किड्याने टॅरंटुलाचं पोट भरणार त्याचं पोट आधी भरा, म्हणजे एक-दोन दिवस आधी गाजर, भोपळा, हिरवा पाला वगैरे चांगलं खाऊ घाला.

साइजचा हिशोब सोपा, किडा टॅरंटुलाच्या पोटापेक्षा मोठा नको. अगदी बारीक पिल्लांना मीलवर्मचा तुकडा किंवा रातकिड्याची तंगडी द्या, मेलेलं पण खातात, उरलं तर दुसऱ्या दिवशी काढा. पोट फार टम्म झालं तर खाणं कमी करा, कारण जड पोटाचा टॅरंटुला उंचावरून पडला तर पोट फुटू शकतं.

आणि कात टाकायच्या वेळी पिंजऱ्यात जिवंत किडा अजिबात नको. टॅरंटुला उताणा पडला म्हणजे मेला असं नाही, कात टाकतोय, तेव्हा अंग इतकं मऊ असतं की रातकिडासुद्धा त्याला कुरतडून मारू शकतो. नंतर सुळे पांढरे दिसतात, मग लालसर, पूर्ण काळे झाले की खायला द्या. मोठ्यांना दहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात.

बागेतले, भिंतीवरचे किडे पकडून घालू नका, त्यांच्यावर कुठलं औषध मारलंय सांगता येत नाही, शिवाय परजीवी येतात ते वेगळंच.

कॉलनी साफ करताना मास्क लावा आणि शक्यतो उघड्यावर करा. झुरळांच्या विष्ठेची आणि कातेची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की ॲलर्जी होते, काहींना तर दम्यासारखा त्रास सुरू होतो.