गावच्या घराची परवानगी: मुंबईकरांनो, या चुका टाळा

मी गावाकडच्या घरांचे नकाशे काढतो. मे महिना जवळ आला की परळ-लालबागची मंडळी मोबाइल पुढे करतात. त्यात घराचं थ्रीडी चित्र. काचेची गॅलरी, पुढे लॉन. "एवढं पास करून द्या, यंदाचे गणपती नव्या घरात बसवायचेत." जमीन कोणाच्या नावावर, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "आमचीच हो, आजोबांपासूनची."

बहुतेक फायली इथेच अडकतात. आजोबांपासूनची म्हणजे सातबाऱ्यावर अजून आजोबाच, नाहीतर त्यांच्यामागची वीस-पंचवीस नावं. घर बांधणारा एकटा, मालक सगळे.

संगमेश्वरकडचे एक गृहस्थ आयुष्यभर गिरणगावात राहिले. निवृत्तीचे पैसे हातात आले तसे कामाला लागले. चुलतभाऊ तोंडी "बांध की" म्हणाले होते, तेवढ्यावर चिऱ्याचे ट्रक उतरले, जोतंही वर आलं. मग ग्रामपंचायतीत हरकतीचा अर्ज आला, आत्येभावाचा. तो राहतो नालासोपाऱ्याला, गावाला फिरकतही नाही. पण त्याच्या आईचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि तिने हक्कसोडपत्र कधी केलेलंच नव्हतं. काम थांबलं, जोत्यावर रान माजलं, गवंडी दुसरं काम धरून गेला. शेवटी प्रकरण पैशांवर मिटलं. आधी घरी जाऊन रीतसर विचारलं असतं तर जी सही चहावर मिळाली असती, तिची किंमत निम्म्या छपराएवढी झाली. लोक याला भाऊबंदकी म्हणतात. मला तरी त्या आत्येभावाचं काही चुकलेलं दिसत नाही.

माझा शिरस्ता असा, की सातबारा हातात आल्याशिवाय नकाशाला हात लावत नाही. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा नव्हे, १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा. मालकांची नावं नंतर, आधी 'इतर हक्क' वाचतो. कुळकायद्याच्या कलम ४३ चा (म्हणजे परवानगीशिवाय जमीन विकता येत नसल्याचा) शेरा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, सगळं तिथे बसलेलं असतं. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती. मग सहहिस्सेदारांची लेखी संमती, आणि जमेल तिथे वाटप करून पोटहिस्स्याची मोजणी. वेळ लागतो. लागू दे. गावातल्या जाणत्याने "त्या फणसापासून या गडग्यापर्यंत" दाखवलेल्या हद्दीवर मी घर आखत नाही.

"पण घरपट्टी आम्हीच भरतो ना!" भरा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, त्याने मालकी ठरत नाही. तलाठ्याकडचा ८अ हा खाते उतारा आणखी वेगळा. एक मागितला की लोक हमखास दुसरा आणतात.

आता माझं डोकं फिरवणारी चूक. "३२०० फुटांपर्यंत परवानगी लागतच नाही" हा २०२१ पासून व्हॉट्सॲपवर फिरणारा अर्धवट निरोप. पहिली गोष्ट, हे फूट भूखंडाचे आहेत, घराचे नव्हेत. साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर परवानगीची गरज नाही हे खरं, पण मालकीचे कागद, आराखडा, तो नियमावलीप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विकास शुल्क ग्रामपंचायतीकडे द्यावंच लागतं. १६०० ते ३२०० मध्ये ग्रामपंचायत दहा दिवसांत शुल्क कळवते आणि ते भरल्यावर काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र देते. त्यापुढच्या भूखंडाला नगररचनाकाराची मंजुरी. कागद न देता बांधायला कोणीही सांगितलेलं नाही. निरोपाची पहिली ओळ वाचून जेसीबी बोलावणाऱ्याला काय समजावणार?

नकाशा मुंबईतल्या आर्किटेक्ट भाच्याकडून काढून घेत असाल तर त्याला आधी नियमावली विचारा. डीसीपीआर २०३४ ही बांधकाम नियमावली बृहन्मुंबईपुरती आहे. गावाकडे डिसेंबर २०२० पासूनची राज्याची एकत्रिकृत नियमावली (यूडीसीपीआर) चालते, सामासिक अंतरांचे, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचे हिशेब तिच्यातले धरायचे.

शेतजमीन गावठाणापासून २०० मीटरच्या आत असली तरी निवांत बसू नका. बिनशेती वापरासाठी सध्या काय भरायचं आणि कोणता कागद घ्यायचा, ते तहसील कार्यालयात विचारा. खाडी दिसते म्हणून जागा निवडली असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याचा नकाशा पाहा. भरतीचं पाणी खाडीतून वाटतं त्यापेक्षा बरंच आत येतं.

तालुक्याच्या एजंटला "सगळं सेटिंग करतो" म्हणून पैसे देऊ नका. उतारा तोही तुमच्यासारखा ऑनलाइनच काढतो.

आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी ग्रामपंचायतीचं कुलूप बघून येण्याची हौस सोडा. ग्रामसेवकाकडे बऱ्याचदा एकाहून जास्त गावं असतात, तेव्हा कोणत्या वारी कुठे बसतात ते फोन करून विचारा आणि रजा त्याप्रमाणे टाका. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिपाई म्हणाला, "ठेवून जा, साहेब आले की देतो," तर ठेवून येऊ नका. साहेब येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसा.