पोळी-दूध, गोळ्या की चिकन-भात: पाळीव कुत्र्याचा आहार कसा ठरवावा

कोणते खाद्य चांगले, हा प्रश्न विचारण्याआधी कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून पाहावा. बरगड्या उठून दिसू नयेत, पण तळहात हलकेच फिरवला असता त्या बोटांना सहज लागाव्यात, आणि वरून पाहिले असता छातीमागे कंबर आत गेलेली दिसावी. बरगड्या चाचपून शोधाव्या लागत असतील, तर खाद्य कोणतेही असो, ते जास्त होत आहे असे समजावे.

त्यानंतर गरजेचा हिशेब करावा. किलोतील वजनाचा घन काढून त्याचे दोनदा वर्गमूळ घ्यावे, आलेल्या संख्येला ७० ने गुणावे आणि नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याची १.६ पट करावी. १२ किलोच्या गावठी कुत्र्याला या रीतीने दिवसाला सुमारे ७२० कॅलरी लागतात. घरच्या एका पोळीत साधारण १०० कॅलरी असतात, म्हणजे सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी प्रेमाने भरवलेल्या दोन पोळ्या त्याच्या दिवसाच्या अन्नाचा चौथा हिस्सा आधीच संपवतात. वरचा खाऊ एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्श्याबाहेर जाऊ देऊ नये. लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांनी हे अधिक कटाक्षाने पाळावे, कारण या जातीतील सुमारे चौथ्या हिश्शाच्या कुत्र्यांत भूक भागल्याची जाणीव मंद करणारा जनुकीय बदल असल्याचे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले आहे. त्याची केविलवाणी नजर हा उपाशी असल्याचा पुरावा धरू नये.

आता आपल्याकडच्या सर्वांत रूढ आहाराविषयी, म्हणजे पोळी-दूध किंवा दही-भाताविषयी. कुत्र्याला धान्य पचतच नाही, हा समज चुकीचा आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले आहे. अडचण आहे ती अपुरेपणाची. या आहारात प्रथिने कमी पडतात, लोह व तांबे पुरेसे मिळत नाही, आणि गव्हातील फायटेट नावाचे द्रव्य आतड्यात जस्त बांधून ठेवत असल्यामुळे, विशेषतः वाढत्या पिल्लांच्या कातडीवर खपल्या धरू लागतात. अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर नीट पचत नाही आणि शौचास पातळ होते, ते वेगळेच. पोळी-दूध अधूनमधून चालेल, पण तोच रोजचा आहार असू नये.

ज्या घरात दररोज वेगळे शिजवून, मोजून घालण्यास कोणी मोकळे नाही, तिथे कोरड्या गोळ्या (ज्यांना अनेक जण कंपनी कोणतीही असली तरी सरसकट ‘पेडिग्री’ म्हणतात) हा सर्वांत भरवशाचा पर्याय आहे, असे माझे मत आहे. पिशवीवरच्या चित्रापेक्षा मागचा बारीक मजकूर वाचावा: खाद्य ‘पूर्ण व समतोल’ असल्याचे आणि ते कोणत्या वयासाठी आहे याचे स्पष्ट विधान त्यावर हवे. अमेरिकेतील आफ्को संस्थेच्या मानकांनुसार खाद्याचा ओलावा वजा जाता प्रथिने प्रौढासाठी किमान १८ टक्के आणि पिल्लासाठी २२.५ टक्के असावी लागतात. डब्यातील ओल्या खाद्यावर ८ टक्के हा आकडा पाहून ते निकृष्ट ठरवू नये. त्यात ७८ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांत ८ भाग, म्हणजे ३६ टक्के प्रथिने भरतात. किलोमागे ३६०० कॅलरी देणाऱ्या गोळ्या आपल्या १२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला २०० ग्रॅम पुरतात. पोत्यातून सुट्या विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असल्यास पावसाळ्यात लहान पिशवी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण दमट हवेत बुरशी लवकर धरते. धान्यविरहित खाद्य केवळ फॅशन म्हणून निवडू नये. अशा खाद्यांचा हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली आणि त्याचा पक्का निकाल लागलेला नाही.

घरी शिजवायचेच असेल, तर याच कुत्र्यासाठी २०० ग्रॅम शिजवलेले बिनहाडाचे चिकन, २५० ग्रॅम भात, थोडा भोपळा किंवा गाजर आणि चमचाभर तेल एवढ्याने कॅलरी जवळपास भरतात. मात्र या ताटात कॅल्शियम जवळजवळ नसते; अंड्याच्या कवचाची बारीक पूड सुमारे अर्धा चहाचा चमचा घातल्यास ते भरून येते, तरीही जस्त, ड आणि ई जीवनसत्त्वांची उणीव राहतेच. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात तपासलेल्या २०० घरगुती पाककृतींपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक पोषकद्रव्य अपुरे होते. त्यामुळे पशुवैद्यकाकडून कुत्र्याच्या वजनानुसार पूरक मिश्रण लिहून घ्यावे. याउलट पूर्ण व समतोल गोळ्या खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियमचे औषध पाजू नये. जादा कॅल्शियमने वाढती हाडे वेडीवाकडी होतात.

शाकाहारी घरात प्रौढ कुत्र्याला अंडी आणि पनीर यांच्या आधारे वाढवता येते, मात्र तिथेही पूरक मिश्रण अपरिहार्य आहे, आणि पिल्लासाठी हा प्रयोग करू नये. कच्च्या मांसातून साल्मोनेलासारखे जंतू घरात येतात. तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असलेल्या घराने त्या वाटेला जाऊच नये.

आपल्या पानातले देताना कांदा-लसणाचा रस्सा, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे टाळावीत. द्राक्षे व बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे दिवाळीत रव्याचा लाडू पुढे करताना विसरले जाते.

निवडलेला आहार एकदम सुरू न करता, जुन्या खाद्यात पाव हिस्सा नवे मिसळून सात ते दहा दिवसांत पूर्ण बदल करावा. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा दाह असल्यास मात्र पशुवैद्यकाला विचारल्याखेरीज काहीच बदलू नये. महिनाभराने कुत्र्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभे राहावे, त्यातून आपले वजन वजा करावे, आणि त्याप्रमाणे रोजचे माप दहा टक्क्यांनी कमी किंवा अधिक करावे.