‘ठेवून घ्या’ आणि पावतीपुस्तक : संग्रहालयाच्या कार्यक्रमांत नव्याने येणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या एका लहान स्थानिक इतिहास संग्रहालयात मी कार्यक्रम सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्याजवळ इतिहासाची पदव्युत्तर पदवी, अकरा महिन्यांचा करार आणि ‘लोकांना संग्रहालयात आणा’ एवढी एकच सूचना होती. त्याला आता सहा वर्षे झाली. दरवर्षी दोन-तीन मुले-मुली या कामाविषयी विचारायला येतात आणि वक्ता कुठून आणायचा, खुर्च्या किती मांडायच्या, बातमी कशी छापून आणायची, असेच त्यांचे बहुतेक प्रश्न असतात. हे सगळे दोन-चार कार्यक्रमांत अंगवळणी पडते. माझी नोकरी जवळजवळ गेली होती ती मात्र वेगळ्याच ठिकाणी : कार्यक्रमाला आलेल्या माणसाच्या हातातली वस्तू मी आपल्या हातात घेतली तिथे. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या एकाच गोष्टीवर खर्च होणार आहे.

तारखांचे आधी उरकून घेते. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, त्यामुळे त्याची आठवणही याच महिन्यात येते. परंतु सोलापूरचा मे म्हणजे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर. दुपारी चारचा कार्यक्रम ठेवलात तर पंख्याखाली तुम्ही आणि शिपाईमामा एवढेच असाल. १२ जानेवारी हा हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १९३१ मध्ये याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. शाळांसाठी हा दिवस उत्तम. मोठ्यांसाठी अवघड, कारण त्याच सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू होते आणि सातही नंदीध्वज बाहेर निघाले की बाळीवेशीतला माणूस तुमच्या व्याख्यानाला येत नाही. पहिल्या वर्षी मी नेमक्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी जुन्या विहिरींवर भाषण ठेवले होते. श्रोते सात होते आणि त्यांतले दोघे वक्त्याचे मेहुणे होते.

आता मूळ गोष्ट सांगते. माझ्या दुसऱ्या वर्षी आम्ही गिरण्यांच्या आठवणींचा कार्यक्रम घेतला. १८७७ मध्ये उभी राहिलेली जुनी मिल काय किंवा नंतरच्या लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी काय, भोंगे कधीच थांबले असले तरी तिथे पाळ्या केलेल्या माणसांची मुले-नातवंडे शहरातल्या प्रत्येक पेठेत आहेत. पत्रकावर मी स्वतः मजकूर लिहिला : ‘आपल्या घरातील गिरणीच्या आठवणी घेऊन या.’ दाखवायला आणा की द्यायला आणा, हे लिहायचे मला सुचले नाही, आणि ते कोणी विचारलेही नाही.

अपेक्षेच्या दुप्पट लोक आले. टोकाला लोखंड बसवलेले लाकडी धोटे आले, कांड्या आल्या, भोके पाडून दोऱ्याने ओवलेले, मागावर नक्षी विणण्यासाठी लागणारे जेकार्डचे पुठ्ठे आले, पगाराच्या चिठ्ठ्या आणि युनियनची कार्डे आली. एका आजींनी नवऱ्याचा पोचे आलेला जेवणाचा डबा पदराखाली धरून आणला होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत टेबलावर ठेवला नाही. आज वाटते, त्या दालनात वस्तू कशी सांभाळायची हे तेवढ्या त्यांनाच कळत होते. पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ वडिलांचा पितळी बिल्ला घेऊन आले : रुपयापेक्षा जरा मोठा, वर एक भोक, मधोमध ठोकलेला तिकीट नंबर म्हणजे गिरणीतला कामगार क्रमांक, नाव कुठेच नाही. मी म्हटले, “काका, किती छान जपलाय!” ते म्हणाले, “ठेवून घ्या की मॅडम इथंच. घरी नुसता पडूनच असतोय.” मी ठेवून घेतला. व्यासपीठावर त्यांना शाल-श्रीफळ दिले गेले, छायाचित्र निघाले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘संग्रहालयास भेट’ अशा मथळ्याची बातमी आली. आमच्या वहीत मी लिहिले : ‘पितळी बिल्ला – १’. त्या संध्याकाळी वहीत अशा तीन ओळी झाल्या आणि तिन्ही बिल्ले रात्री एकाच डबीत गेले.

पाच महिन्यांनी, नवरात्र तोंडावर आले असताना, त्या गृहस्थांच्या थोरल्या बहीण आल्या. त्यांच्या घरी खंडेनवमीला वडिलांचा धोटा आणि बिल्ला पाटावर मांडून पूजा होते, आणि ऐंशीच्या आईने बिल्ला कुठे आहे असे विचारले होते. भाऊ मान खाली घालून मागे उभे होते. ते म्हणाले, “मी ठेवा म्हणालो होतो, देऊन टाकतो म्हणालो नव्हतो.” मला राग आला, आणि रात्री घरी गेल्यावर कळले की त्यांचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. बँकेच्या लॉकरमध्ये आपण दागिना ठेवतो तेव्हा तो बँकेच्या मालकीचा होत नाही. ‘ठेवून घ्या’ याचा अर्थ सांभाळा असाही होतो, स्वीकारा असाही होतो, आणि पुष्कळदा बोलणाऱ्यानेही दोहोंपैकी एक ठरवलेला नसतो. आम्ही मात्र शाल पांघरवून त्याच्या वतीने निर्णय करून टाकला होता. गर्दीसमोर, नारळ हातात असताना, ‘मी फक्त दाखवायला आणला होता’ असे कोणता माणूस म्हणेल?

संस्थेतील वरिष्ठांचे मत पडले की सत्कार झाला, बातमी आली, म्हणजे ती भेटच. तरीही परत द्यायचे ठरले, तेव्हा खरी अडचण उघडी पडली : तीन बिल्ल्यांपैकी त्यांचा कोणता? नंबर मी टिपलेला नव्हता आणि त्यांना तो आठवत नव्हता. मला लेखी खुलासा मागण्यात आला. आठ दिवसांनी त्या बाईंना कपाटातल्या कप्प्यात अंथरलेल्या कागदाखाली वडिलांच्या पगाराची एक चिठ्ठी सापडली, तिच्यावरचा तिकीट नंबर एका बिल्ल्याशी जुळला आणि खंडेनवमीच्या दोन दिवस आधी बिल्ला घरी गेला. चिठ्ठी सापडली नसती तर काय, याचे उत्तर माझ्याजवळ आजही नाही.

त्यानंतर मी जी पद्धत बसवली, ती कंटाळा आला तरी वाचा. कार्यक्रमात दोन टेबले मांडा आणि त्यांच्यामध्ये खरोखरच अंतर ठेवा. पहिले टेबल केवळ पाहण्याचे : वस्तू मालकाच्या समोरच राहते, तिचे क्रमांकाच्या चिठ्ठीसह आणि मोजपट्टीसह छायाचित्र घेतले जाते, तिची हकिकत लिहून घेतली जाते आणि वस्तू मालकाबरोबर घरी जाते. दहांतल्या नऊ वस्तूंसाठी एवढेच पुरे असते, आणि संग्रहालयाला हवी असते ती हकिकत याच टेबलावर मिळते. दुसऱ्या टेबलावर, कोणी कितीही आग्रह केला तरी, त्या दिवशी देणगी स्वीकारायची नाही. वस्तू ठेवायचीच असेल तर कार्बन घालून दोन प्रतींत तात्पुरती पावती करायची आणि तिच्यात ‘पाहणीसाठी ताब्यात घेतली, मालकी देणाऱ्याचीच’ हे वाक्य, परत करण्याची तारीख, वस्तूचे वर्णन, पूर्ण पत्ता आणि घरातल्या आणखी एका माणसाचा फोन नंबर लिहायचा. दानपत्र त्यानंतर निदान पंधरा दिवसांनी, शक्यतो त्यांच्या घरी जाऊन करायचे. घरी गेलात की तीन गोष्टी विचारा : वस्तू मुळात कोणाची, ती व्यक्ती किंवा तिची पत्नी हयात आहे का, आणि भावंडांना हे ठाऊक आहे का. हे विचारताना पहिल्या वेळी तुमची जीभ अडखळेल. चहा पुढे आल्यावर विचारा, लोक सहज सांगतात. उलट कोणीतरी हे विचारले याचे त्यांना बरे वाटते. वस्तू परत देतानाही सही घ्यायची, कारण नेली की नाही यावरून पुढे होणारा वाद घेतली की नाही यापेक्षा वाईट असतो.

शाल आणि नारळ मी बंद केले आहेत. यावर माझे अनेकांशी भांडण झाले आहे आणि ते चालू राहील.

वर्णन कसे लिहायचे हे मला कोणा तज्ज्ञाने शिकवले नाही. आमच्याकडे वाचायला येणारे एक निवृत्त बँक कर्मचारी आयुष्यभर सोनेतारणाच्या टेबलावर बसले होते. माझी वही पाहून ते हसले आणि म्हणाले, “पितळी कशावरून? पिवळ्या धातूचा लिही.” मग त्यांनी माझ्यासमोर एक बिल्ला उचलून लिहून दाखवले : पिवळ्या धातूची गोल चकती, वर एक छिद्र, छिद्राची डावी कड झिजलेली, दर्शनी बाजूला अंक ठोकलेले, मागे आडवा ओरखडा, वजन इतके, व्यास इतका. त्यांचे म्हणणे असे की वर्णन वाचून अनोळखी माणसाला दहा चकत्यांतून ती एक उचलता आली पाहिजे. नाही आली तर ते वर्णन नव्हे. त्या अर्ध्या तासाने मला जेवढे दिले तेवढे वर्षभराच्या चर्चासत्रांनी दिले नाही. तेव्हा माझे पक्के मत असे की नवख्याने गुरू शोधायचाच असेल तर व्यासपीठावर शोधू नये. कोर्टातला नाझर, ग्रंथालयातला जुना लेखनिक, बँकेतला तारण कारकून शोधावा. ‘कागद पुढे केला की माणसे बिचकतात, विश्वासावर चालू द्या’ असे मला सांगणारे ज्येष्ठ बिल्ल्याच्या प्रकरणात कुठे उभे होते, ते मी विसरलेले नाही.

मोबाइलवर फोटो काढून गटावर टाकला म्हणजे नोंद झाली, हा सध्याचा सर्वांत घातक सोपा मार्ग आहे. फोन बदलतो, करार संपतो, गट सोडला जातो आणि नोंद तुमच्याबरोबर निघून जाते. इंग्रजीतला दानपत्राचा नमुना उतरवून त्यावर सही घेणे हा दुसरा. अशोक चौकाच्या बाजूला घरात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे आहेत, शहरात कन्नड आणि उर्दू बोलणारी घरेही तितकीच आपली आहेत. ज्या कागदातले वाक्य त्या माणसाला वाचून दाखवता येत नाही, त्यावरची सही नैतिकदृष्ट्या शून्य समजा. टेबलावर निदान एक तेलुगू आणि एक कन्नड बोलणारा स्वयंसेवक बसवा. विडी वळणाऱ्या बायकांसाठी काही करणार असाल तर त्यांचा माल विडी कारखान्याच्या शाखेत भरायचा वेळ आधी विचारा, नाहीतर रिकाम्या खुर्च्यांना दोष देत बसाल.

एक कठोर सूचना देते, ती मात्र ऐकाच. नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली नाणी, भांडे, मूर्ती कोणी पिशवीतून आणली, तर तात्पुरती पावतीसुद्धा करू नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ आहे. आणणाऱ्याला खुर्चीवर बसवा, पाणी द्या, वरिष्ठांना बोलवा आणि अर्ज लिहायला मदत करा. शिलालेख दिसल्याचे कोणी सांगितले तर दगड आणायला सांगू नका, जागा दाखवायला सांगा. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलचा शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख संगमेश्वराच्या मंदिरात जागच्या जागी होता म्हणूनच शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्या शोधाला एवढा अर्थ आला; तोच दगड कोणी उचलून आमच्या व्हरांड्यात आणून टाकला असता तर त्याच्या नदीचे, मंदिराचे काहीच उरले नसते.

हे वाचून धास्ती घेऊ नका. माझ्या हातून झाले त्यापेक्षा वाईट तुमच्या हातून होण्याचा संभव कमी आहे, आणि झालेच तरी लोक बहुधा क्षमा करतात. त्या थोरल्या बहीण आता आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला येतात आणि पहिल्या टेबलावर बसून हकिकती लिहून घेतात. अक्षर माझ्याहून सुवाच्य आहे.

शिक्षणाचे विचाराल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी जोडलेली पदव्युत्तर पदविकाही चांगली आहे. ऐपत आणि वेळ असेल तर जरूर करा. नसेल तर मोडी शिका, तेलुगू किंवा कन्नड बोलण्याइतकी शिका आणि एखाद्या जुन्या वाचनालयात सहा महिने नोंदी करा. पगाराविषयी खोटे बोलणार नाही. लहान संग्रहालयात पहिली काही वर्षे घरचा आधार किंवा दुसरे काम लागते, आणि अकरा महिन्यांनंतरचा तो एक महिना फार लांब असतो.

उरलेल्या दोन बिल्ल्यांपैकी एकाचे कुटुंब पुढे सापडले. दुसरा अजून आमच्याकडेच आहे, स्वतंत्र पाकिटात, सविस्तर वर्णनासह. नोंदवहीत मालकीच्या रकान्यात ‘अनिश्चित’ असे लिहिले आहे आणि त्यापुढे माझी सही आहे. गिरणीचा कोणताही कार्यक्रम असला की मी तो पाकिटातून काढून पहिल्या टेबलावर ठेवते आणि शेजारी पावतीपुस्तक ठेवते.