डीएमडी जनुकाचा अहवाल कसा वाचावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरात मुलाचे स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन आणि त्याहून सौम्य बेकर या आनुवंशिक आजारांसाठी केलेल्या तपासणीचा हा अहवाल येतो तेव्हा पहिली अडचण भाषेचीच असते: कागद इंग्रजीत, दवाखान्यातले बोलणे बहुधा कन्नडमध्ये आणि पुढचे ठरवायचे ते मात्र घरी, मराठीत. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी अहवाल आपणच एकदा सावकाश वाचावा आणि शंका वहीत उतरवून न्याव्यात.

डीएमडी हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्याची लांबी डीएनएच्या सुमारे २२ लाख अक्षरांची. पण प्रथिनाचा प्रत्यक्ष मजकूर ७९ तुकड्यांत विखुरलेला, जेमतेम ११ हजार अक्षरांचा असतो. या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात. त्यावरून ३,६८५ अमिनो आम्लांचे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होते. अमेरिकी शास्त्रज्ञ लुई कुंकेल यांच्या गटाने १९८७ साली ते ओळखून त्याला हे नाव दिले. स्नायुतंतूच्या आतील अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे जाळे पेशीच्या पटलाशी बांधून ठेवणे हे त्याचे काम. ते नसले की स्नायू आकुंचन पावताना पटलाला इजा होते आणि आतली द्रव्ये रक्तात झिरपतात. म्हणूनच अशा मुलाचा सीपीके (स्नायूंतील एका विकराची रक्तातली पातळी) कित्येक पटींनी वाढलेला दिसतो. यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एसजीओटी आणि एसजीपीटी हेही स्नायूंतून येत असल्याने वाढतात, आणि मग कावीळ समजून झाडपाल्याच्या औषधात महिनेच्या महिने जातात. हे मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिले आहे.

अहवाल हाती आल्यावर निष्कर्षाआधी तपासणीची पद्धत पाहावी. एमएलपीए असे लिहिले असेल, तर त्या तपासणीत सगळे ७९ एक्झॉन आहेत की गळाले आहेत, किंवा दुप्पट झाले आहेत, एवढेच कळते. एखाद्या अक्षराचा बदल तिला सहसा दिसत नाही. त्यामुळे एमएलपीए ‘निगेटिव्ह’ आली म्हणजे आजार नाही, असे मुळीच नव्हे. लक्षणे जुळत असतील तर पुढे जनुकाचे संपूर्ण वाचन, म्हणजे सीक्वेन्सिंग, करावे लागते. उलट, एकच एक्झॉन गळाल्याचे दिसत असेल तर दुसऱ्या पद्धतीने त्याची खात्री केली आहे का, हे अवश्य विचारावे, कारण तपासणीचा शोधक (प्रोब, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा) ज्या जागी चिकटतो तिथे एखादे अक्षर बदललेले असले तरी तो एक्झॉन नसल्याचा भास होतो.

आता मुख्य गोष्ट. किती एक्झॉन गळाले यापेक्षा उरलेला मजकूर नीट वाचता येतो का, हे महत्त्वाचे, कारण पेशी तीन-तीन अक्षरांनी वाचते. ‘कमळ बदक गवत मगर’ यातून ‘बदक’ हा अख्खा शब्द काढला तरी बाकीचे शब्द शाबूत राहतात. पण एकटा ‘द’ काढला तर ‘कमळ बकग वतम गर’ असे होऊन पुढचे सगळेच निरर्थक ठरते. हाच हिशेब कागदावर करून पाहावा. एक्झॉन ४५ मध्ये १७६ अक्षरे, ४६ मध्ये १४८, ४७ मध्ये १५०. बेरीज ४७४, तिला तिनाने पूर्ण भाग जातो. म्हणून ४५ ते ४७ गळाले तर आखूड का होईना, काम करणारे प्रथिन बनते आणि आजार बहुधा सौम्य, बेकर प्रकारचा असतो. याउलट नुसता ४५ गळाला, तर १७६ ला तिनाने भाग जात नाही आणि चित्र ड्युशेनचे होते. तीन तुकडे जाण्यापेक्षा एक जाणे वाईट ठरते, ते असे. हा नियम सुमारे ९० टक्के वेळा लागू पडतो. म्हणून मुलाची चाल, वय आणि डॉक्टरांची तपासणी बाजूला सारून एकट्या बेरजेवर भिस्त ठेवू नये.

मग प्रश्न येतो आईचा, कारण मुलाला त्याचे एकुलते एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, त्यामुळे आईची तपासणी होण्यापूर्वी तिला बोल लावणे अन्यायाचे आहे. आणि ती निर्दोष आली तरी बीजांडांपैकी काहींत बदल असू शकतो, म्हणून पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला घ्यावाच. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न केल्याने हे झाले, असे सर्रास म्हटले जाते. डीएमडीच्या बाबतीत ते चुकीचे आहे: मामा निरोगी असेल तर त्याच्या एकुलत्या एक्स गुणसूत्रावर हा दोष नाही, मग मुलीला त्याच्याकडून तो येणार कुठून?

विचार करायचा तो मावश्यांचा आणि आईकडच्या इतर बायकांचा. मावशी सासरी गडहिंग्लजला असो की धारवाडला, तिच्या तपासणीसाठी मुलाच्या अहवालातील नेमका बदल लिहिलेल्या पानाची प्रत द्यावी. नुसता सीपीके करून भागत नाही, कारण दोष वाहणाऱ्या बाईचा सीपीके पुष्कळदा नेहमीइतकाच असतो.