चालतं मेडिकल घ्यावं की नवं टाकावं?

डी. फार्म. (फार्मसीची पदविका) होऊन काही वर्षं दुसऱ्याच्या काउंटरवर काढली की स्वतःच्या मेडिकलचा विचार डोक्यातून जात नाही. अशात एखादा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, येऊन सांगतो, ‘एक चालू मेडिकल निघालंय, बघताय का?’ मी मिरजेत नोकरी केली आणि पुढे सांगलीत विश्रामबागेत एक जुनं, चालतं दुकान घेतलं. त्याआधी नवं टाकण्याचा हिशेबही पुरा मांडला होता. माझ्याकडे काम शिकून गेलेली मुलं आता हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यांत आधी एक गैरसमज काढून टाका. दुकान विकत घेतलं म्हणजे परवानाही मिळाला, असं होत नाही. किरकोळ विक्रीचे फॉर्म २० आणि २१ हे परवाने मालकाच्या नावावर असतात. मालक बदलला की अन्न व औषध प्रशासनाकडून आपल्या नावाने नवा परवाना घ्यावा लागतो. भागीदार बदलून काम करायचं म्हटलं, तरी तसं लेखी कळवावं लागतं आणि जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो. नवा परवाना म्हणजे जागेची नवी तपासणी. किमान १० चौरस मीटर जागा लागते, त्यामुळे टेप घेऊन स्वतः मोजा. माळा, बाहेरचा कट्टा त्यात धरू नका.

म्हणजे पैसे नेमके कशाचे मोजायचे? फर्निचर, फ्रिज, कॉम्प्युटर, माल हे सगळं बाजारात मिळतं. मिळत नाही ते गिऱ्हाईक, आणि गुडविल म्हणून मागितली जाणारी रक्कम त्याचीच असते. मात्र मेडिकलचं सगळं गिऱ्हाईक एका जातीचं नसतं. काही चिठ्ठ्या शेजारच्या दवाखान्यातून येतात. ते गिऱ्हाईक डॉक्टरांचं. काही लोक मालकाच्या ओळखीवर येतात, ते मालकाचं. तिसरे म्हणजे बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला नेणारे. हे खरे दुकानाचे. मालक गेल्यावर मागे काय राहणार, तेवढ्याचेच पैसे द्यायचे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे ओळखायचं कसं? सौदा बोलण्याआधी काही दिवस दुकानात बसायची परवानगी मागा. मी काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसायचो. एक आजोबा यायचे, खिशातून टेल्मिसार्टनची, म्हणजे बीपीच्या गोळीची, रिकामी स्ट्रिप काढून काचेवर ठेवायचे आणि ‘महिन्याची द्या’ म्हणायचे. काउंटरवर कोण आहे हे बघायचेसुद्धा नाहीत. उलट, एक बाई पायरीवरूनच आत डोकावायच्या, ‘काका नाहीत का? मग संध्याकाळी येते,’ म्हणून निघून जायच्या. आजोबा माझ्याकडे राहणार होते. त्या बाई राहतील की नाही, हे माझ्या वागण्यावर ठरणार होतं. असे दोन्हीकडचे लोक नीट बघितले की विकणाऱ्याने सांगितलेल्या गल्ल्याच्या आकड्यापेक्षा जास्त कळतं. बिलिंग सॉफ्टवेअरमधली दोन वर्षांची बिलंही बघा. तेच नाव, तीच गोळी दर महिन्याला किती वेळा येते ते मोजा. आणि विक्रीचा आकडा जीएसटी रिटर्नशी आणि स्टॉकिस्टच्या (दुकानाला माल देणाऱ्या ठोक विक्रेत्याच्या) खरेदी बिलांशी ताडून घ्या. खरेदी दोन लाखांची असेल तर विक्री चार लाखांची कुठून होईल?

आता पैशाचं. मूल्यनियंत्रणाखालच्या औषधांवर २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन धरलंय. बाकीच्या औषधांवर थोडं जास्त सुटतं, पण ते गिऱ्हाइकाला डिस्काउंट देण्यात जातं. समजा, रोजचा गल्ला १५,००० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस. विक्री ३,९०,००० झाली. सरासरी १६ टक्क्यांनी ६२,४०० सुटले. भाडं १५,०००, मदतनिसाचा पगार १२,०००, वीज-फोन-सॉफ्टवेअर ४,०००, एक्स्पायरी आणि तूटफूट ३,००० वजा केले की २८,४०० उरतात. विकणारा हाच आकडा नफा म्हणून सांगतो. पण दिवसभर फार्मासिस्ट म्हणून उभे तुम्हीच राहणार आहात. दुसरीकडे १८,००० पगार मिळाला असता तर तोही वजा करा. धंद्याचा स्वतःचा नफा १०,४०० रुपये, म्हणजे वर्षाला १,२४,८००. अशा दुकानाचं गुडविल पाच लाख मागितलं, तर चार वर्षांचा नफा आजच देण्यासारखं आहे. मी दीड-दोन वर्षांच्या नफ्यापलीकडे जाऊ नका म्हणतो.

मालाची मोजणी कधीही अंदाजाने करू नका. प्रत्येक खण उघडायचा, बॅच नंबर आणि एक्स्पायरी बघून यादी करायची. कापलेल्या स्ट्रिपा वेगळ्या, शॉर्ट एक्स्पायरीचा, म्हणजे मुदत संपत आलेला माल वेगळा. यात एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. जुना माल जुन्या फर्मच्या बिलावर आलेला असतो, त्यामुळे तो एक्स्पायर झाल्यावर स्टॉकिस्ट तुमच्याकडून परत घेताना खळखळ करतो. परत जाण्यासारखा सगळा माल ताबा घेण्याआधी विकणाऱ्याच्या नावाने पाठवून द्यायला लावा. एखाद्या खणात एकाच डॉक्टरांच्या पसंतीच्या औषधांचा ढीग दिसला, तर ते डॉक्टर अजून तिथेच बसतात का, याची चौकशी करा.

जागा भाड्याची असेल तर विकणाऱ्याशी बोलण्याइतकंच जागामालकाशी बोलणं महत्त्वाचं. करार तुमच्या नावाने नवा, नोंदणीकृत आणि पुरेशा मुदतीचा व्हायला हवा. तो होत नसेल तर गुडविलचा एक रुपयाही देऊ नका. दवाखान्याला अटॅच मेडिकलबाबत तर मी फारच सावध राहायला सांगेन. तिथे जागाही बहुतेकदा डॉक्टरांची आणि चिठ्ठीही त्यांची. उलाढाल मोठी दिसते, डिपॉझिटही तसंच मोठं, पण डॉक्टरांनी उद्या दुसऱ्याला बसवलं तर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

थकलेली देणी हा वेगळाच विषय. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे धंदा हस्तांतरित झाला की त्याआधीच्या थकीत करासाठी देणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार धरले जातात. म्हणून सीएकडून आधीची रिटर्न तपासून घ्या. स्टॉकिस्टची बाकी कोण फेडणार, गिऱ्हाइकांकडची उधारी कोण वसूल करणार, हे करारात लिहून घ्या. उधारी शक्यतो विकत घेऊच नये.

एवढं सगळं ऐकून नवंच टाकलेलं बरं, असं वाटेल. काही ठिकाणी ते खरंच बरं असतं. नवी वसाहत उभी राहतेय, चालत जाण्याच्या अंतरात मेडिकल नाही, जागा स्वतःची किंवा घरच्यांची आहे, तर बेलाशक नवं टाका. पण गल्ला जमेपर्यंत घरखर्च आणि भाडं भागवण्याइतके पैसे बाजूला हवेत. सुरुवातीला स्टॉकिस्ट उधारीवर माल देताना हात आखडता घेतात आणि कुठली गोळी किती ठेवायची हे कळेपर्यंत भांडवल कपाटात अडकून पडतं. चालत्या दुकानात ती माहिती बिलांमधून आयती मिळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेचं अनुदान मनात धरून कुठल्याही धंद्याचा हिशेब मांडत असाल, तर ते नव्या युनिटसाठी असतं, चालतं काही विकत घेण्यासाठी नाही, हेही ध्यानात ठेवा.

माझं माप विचाराल तर असं: वस्ती जुनी, उतारवयाची माणसं भरपूर, दुकान लहान, मालक थकला म्हणून विकतोय आणि जागेचा करार पक्का, तर चालतं घ्या. यातला जागेचा करारच कच्चा असेल तर बाकीच्या कशाचाच उपयोग नाही.

घ्यायचं ठरलं तर दोन गोष्टी करारात घाला. विकणाऱ्याने जवळपास पुन्हा मेडिकल टाकायचं नाही, ही अट अंतर आणि मुदतीसकट लिहा. एरवी धंदा करण्यापासून कोणाला रोखणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ ने रद्दबातल ठरतो, पण गुडविल विकलेलं असेल तर वाजवी हद्दीपुरती अशी अट चालते. गुडविल हा शब्द आणि त्याची रक्कम करारात वेगळी दिसली पाहिजे, ती याचसाठी. दुसरं, ताबा घेतल्यावर महिनाभर तरी जुन्या मालकाने सकाळ-संध्याकाळ दुकानात येऊन बसायचं, आणि गुडविलचा शेवटचा हप्ता तो महिना संपल्यावर द्यायचा.