प्रोजेस्टेरॉनचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

अंडं फुटलं का हे बघायला प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी करतात. रिपोर्टवर ते ०.८ दिसलं की "अंडं फुटतच नाहीये" असं ठरवून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात मोठी चूक. आधी रक्त पाळीच्या कोणत्या दिवशी दिलं ते बघा. अर्धे घोळ तिथेच सुटतात.

अंडं फुटून बाहेर पडलं की मागे जी पुटिका (अंड्याभोवतीची पिशवी) उरते, तिच्यातून हे हार्मोन येतं. त्याआधी पातळी साधारण १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास किंवा खालीच असते आणि नंतर सुमारे सातव्या दिवशी सर्वांत वर जाते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा 'एकविसावा दिवस' हा पाळी सुरू झाल्यापासून मोजतात आणि तो २८ दिवसांची पाळी धरून काढलेला. तुमची पाळी ३५ दिवसांनी येत असेल, तर एकविसाव्या दिवशी अंडं जेमतेम फुटत असतं. त्या दिवशी रक्त दिलं तर आकडा खालीच येणार, त्यात बिघाड काही नाही. अशा वेळी रक्त द्यायचं अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. पाळीच अनियमित असेल तर एकदा रक्त देऊन भागत नाही. डॉक्टर आठवड्याच्या अंतराने पुन्हा करायला सांगतात.

दिवस मोजतानाही गडबड होते. नुसते डाग दिसले तो पहिला दिवस नव्हे. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला.

रक्त दिल्यानंतर पाळी कधी आली हे लिहून ठेवायचं बहुतेकजणी विसरतात. ती सात-आठ दिवसांत आली असेल तर रक्ताची वेळ बरोबर होती. चौदा दिवसांनी आली, तर तपासणी लवकर झाली असं समजा आणि तो आकडा बाजूला ठेवा.

आता आकडा. ३ च्या वर असेल तर अंडं फुटलं, असं साधारणपणे धरतात. त्यापुढे ८ आणि १४ ची तुलना करत बसू नका. हे हार्मोन लाटांसारखं सुटतं, एकाच दिवसात काही तासांच्या फरकाने दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. जास्त आकडा म्हणजे अंडं जास्त चांगलं, असंही नाही. एकक मात्र जरूर बघा: काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, तिथे हाच ३ साधारण ९.५ दिसतो.

प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा कॅप्सूल चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन रिपोर्टमध्ये मिसळून दिसतं, डायड्रोजेस्टेरॉन (त्याच कामासाठी देतात ते कृत्रिम औषध) दिसत नाही. "गोळ्या घेऊनही आकडा वाढला नाही" ही तक्रार बरेचदा त्यामुळेच. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. काही मशीनवर त्याने आकडा खोटाच वाढलेला येतो. उपाशी पोटाची गरज मात्र नाही.